बोटीच्या इंजिनाचं सर्व्हिसिंग: मेकॅनिकवर किती सोडायचं आणि स्वतः काय शिकायचं

नवीन बोट घेणाऱ्याला सर्वांत आधी पाल, दोर, नांगर, नकाशे यांचं कुतूहल असतं. इंजिन मात्र लाकडी झाकणाखाली असतं. ते सुरू झालं की त्याची आठवण राहत नाही आणि वर्षातून एकदा वर्कशॉपला फोन केला की आपलं कर्तव्य संपलं असं वाटतं. या लेखात मी त्या एका फोनबद्दलच लिहिणार आहे, कारण माझं इंजिनाचं शिक्षण तिथूनच सुरू झालं.

माझ्या बोटीत लहान इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, डिझेल इंजिन आहे. एका हंगामाआधी वर्कशॉपने त्याचं वार्षिक सर्व्हिसिंग केलं. बिलावर ऑइल, ऑइल फिल्टर, दोन्ही डिझेल फिल्टर, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चाक) आणि हीट एक्स्चेंजरमधला, म्हणजे समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या भागातला, झिंक ॲनोड (गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा) असं सगळं लिहिलेलं होतं. मला हे भाग प्रत्यक्ष कुठे असतात ते बघायचं होतं, म्हणून मॅन्युअल समोर ठेवून पंप शोधला. झाकणाच्या स्क्रूंवरून गेलेला रंगाचा थर अखंड होता. रंग न तुटता स्क्रू निघूच शकत नाही, म्हणजे ते झाकण कुणी उघडलेलंच नव्हतं. मग मी स्वतः उघडलं. आतल्या इम्पेलरच्या पात्यांना मुळाशी भेगा पडल्या होत्या. ॲनोडचा प्लग काढला तर हातात फक्त पितळी डोकं आलं, झिंकचा कणही शिल्लक नव्हता. ऑइल बदललेलं होतं, पण डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या बरंच पुढे गेलेलं. जे काम सहज दिसतं आणि जिथे हात सहज पोचतो, तेवढंच झालं होतं.

हे का होतं ते मला पुढे कळलं. बोटीत इंजिनाभोवती जागा नसते. पंपाचं तोंड बरेचदा भिंतीकडे किंवा खाली असतं आणि ॲनोड कुठल्यातरी नळीमागे दडलेला असतो. पाच मिनिटांच्या कामासाठी तासभर आडवं पडून चाचपडावं लागतं. हंगामाच्या तोंडावर सगळ्यांना बोट एकदमच हवी असते, कामाचे पैसे ठरलेले असतात आणि मालक झाकण उघडून बघणार नाही हेही माहीत असतं. अशा वेळी पाट्या टाकल्या जातात. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्यात माणूस मनापासून काम करतो, पण त्याला समुद्र माहीत नसतो. गाड्यांवर उत्तम काम करणारा मेकॅनिक ॲनोडच्या आट्यांवर गळती थांबवायला टेप गुंडाळतो. पण ॲनोडचा धातूला थेट स्पर्श राहायला हवा, नाहीतर तो असून नसल्यासारखा. किंवा पेट्रोल इनबोर्डला तो गाडीचा स्टार्टर बसवतो. दिसायला तो सारखाच असतो, पण बोटीसाठीच्या स्टार्टरमधली ठिणगी बाहेर येऊ नये अशी त्याची रचना असते. बंद इंजिनघरात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठते. तिथे एक ठिणगी पुरते.

चांगले मेकॅनिक असतात, आणि आज मला जे येतं त्यातलं बरंचसं अशाच एका वयस्क माणसाच्या शेजारी बसून शिकलो. म्हणून सगळं स्वतः करा असं मी सांगणार नाही. वर्षाचं नेहमीचं सर्व्हिसिंग मात्र मालकाने शिकलंच पाहिजे, कारण इंजिन बंद पडतं तेव्हा वारा, प्रवाह आणि खडक कुणाची वाट बघत नाहीत.

सुरुवात इम्पेलरपासून करा. रबरी पात्यांचं हे छोटं चाक बाहेरचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवतं. ते कोरडं फिरलं तर फार लवकर जळतं. आधी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा, कारण पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर झाकण काढताच बोटीत पाणी येतं. कॉक बंद केला की इंजिनाची किल्ली त्याच कॉकला अडकवा. मग कॉक उघडल्याशिवाय इंजिन सुरू होण्याची भीती राहत नाही. झाकण काढल्यावर पाती कोणत्या बाजूला वाकलेली आहेत त्याचा फोटो घ्या. इम्पेलर दोन स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पंपाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडतात. त्यासाठी पुलर मिळतो. बाहेर काढल्यावर पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तुकडा पुढे गेलेला असतो आणि बहुधा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतो. तो सापडेपर्यंत शोधा. नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापत राहतं, त्याचं कारण बरेचदा हा हरवलेला तुकडाच असतो. नव्या इम्पेलरला ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा लिक्विड साबण लावा, पेट्रोलियम ग्रीस रबराला मानवत नाही. फिरण्याच्या दिशेने वळवत आत बसवा. झाकणाचं गॅस्केट कंपनीने दिलेल्या जाडीचंच हवं. जाड कागद कापून बसवला तर पंपाची ओढ कमी होते. कॉक उघडा, इंजिन सुरू करा आणि लगेच मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी येतंय का बघा. अर्ध्या मिनिटात आलं नाही तर इंजिन बंद करा आणि कारण शोधा.

ॲनोडचं काम सोपं आहे. समुद्राचं पाणी एक्स्चेंजरचा धातू खाण्याऐवजी हा तुकडा खातं. निम्मा संपला की बदलायचा. खाऱ्या पाण्यासाठी झिंक, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम.

ऑइल बदलताना इंजिन कोमट असू द्या, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. बोटीत खालचा ड्रेन प्लग गाठता येत नाही, त्यामुळे डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने तेल खेचावं लागतं. जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे हाताचं बोट फिरवून बघा. ती तशीच राहिली आणि वर नवी बसली तर इंजिन चालू होताच तेल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला तेल लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग फिल्टरवर छापलं असेल तेवढंच, बहुधा पाऊण फेरा, पुढे घट्ट करा. तेल भरताना घाई नको. थोडं कमी भरा, इंजिन चालवा, बंद करून थांबा, मग डिपस्टिक बघून उरलेलं घाला. जास्त तेल सुरक्षित वाटतं, पण क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, त्यात बुडून फेस करतो आणि सीलवर ताण येतो. जुनं तेल पाण्यात जाता कामा नये. ते डब्यात भरून जमा करणाऱ्याकडेच द्यायचं.

आता डिझेल. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. टाकीच्या तळाशी पाणी साठतं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ तळाला बसतो. शांत पाण्यात तो तसाच पडून राहतो. समुद्र खवळला की टाकी घुसळते आणि फिल्टर चोंदतो. म्हणजे इंजिन बंद पडतं ते नेमकं त्याची सर्वांत जास्त गरज असताना. म्हणून पहिल्या फिल्टरच्या काचेच्या वाटीतलं पाणी नियमित काढा आणि फिल्टर बदलून डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढायचा सराव धक्क्याला बांधलेल्या बोटीतच करा. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) थोडा सैल करायचा, लिफ्ट पंपाची, म्हणजे टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपाची, छोटी दांडी हाताने मारत राहायची आणि बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. दांडी अगदीच ढिली लागली, दाब येतच नसेल, तर पंप बिघडलाय असं समजू नका. पंप हलवणारा आतला कॅम (उंचवटा असलेलं चाक) उंच टोकावर थांबलेला असतो. क्रँक थोडा फिरवा, दांडीला जोर येतो. एवढं माहीत नसल्याने चांगले पंप बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) असेल तर खालच्या गिअरचं तेल दरवर्षी बदला. आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा, म्हणजे तेल पूर्ण उतरतं. ते दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय. नवं तेल खालच्या छिद्रातूनच भरायचं, वरून बाहेर येईपर्यंत, म्हणजे हवा आत अडकत नाही. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे हवेत. इथे कामचुकारपणा सर्रास दिसतो, जुनेच वॉशर परत बसवून स्क्रू जोरात आवळले जातात. पंखाही (प्रोपेलर) काढून बघा. त्यामागे मासेमारीची दोरी गुंडाळलेली असते आणि ती सील कापते.

काही कामांना मी हात लावत नाही. इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप त्यात पहिले. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब १००० बारच्या पुढे जातो. गळती बोटाने तपासायला गेलात तर ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावं लागतं. गिअरबॉक्स, टर्बो, सिलिंडर हेड ही कामं जाणकारांची. शाफ्टचं अलाइनमेंटही, म्हणजे पंख्याकडे जाणारा दांडा इंजिनाशी सरळ रेषेत बसवणंही, तसंच. ते एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास मोजावं लागतं, आणि बोट पाण्यात असताना, कारण जमिनीवर टेकलेल्या बोटीचा आकार किंचित बदलतो. वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी आधी वाचा आणि अधिकृत सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवा.

शिकायचं कुठे? इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग दोन्ही मिळवा. कॅटलॉगमधल्या उलगडलेल्या चित्रांतून वॉशर कुठल्या क्रमाने बसतो ते कळतं. रॉयल यॉटिंग असोसिएशनचा एक दिवसाचा डिझेल इंजिन कोर्स नवख्यांसाठीच आहे. एक बरा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) घ्या, कारण बोटीत आटे गेले की दुरुस्ती फार कठीण होते.

आणि काम बाहेर देताना यादी लेखी द्या: कोणता भाग, कोणत्या ग्रेडचं तेल, इंजिनाचे तास किती. काढलेले सगळे जुने भाग पिशवीत परत मागा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही, माझ्या ओळखीचा मेकॅनिक तर न मागता आणून दाखवतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देते. ते असेल तर जरूर विचारा, पण जुने भाग तरीही मागाच. मुख्य स्क्रूंवर रंगाची बारीक रेघ मारून ठेवली की ते उघडले होते की नाही हे सांगायला कुणाची साक्ष लागत नाही. बिल चुकतं करण्याआधी मेकॅनिकला बोटीवर बोलवा, इंजिन नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत बोट दोरांनी बांधून लोडवर, म्हणजे गिअर टाकून, चालवा आणि टॉर्च घेऊन दोघांनी मिळून फिल्टर, पंपाचं झाकण, होज क्लॅम्प आणि बेल्ट बघा. इंजिनाखाली पांढरा कागद अंथरलेला असला की तेलाचा पहिला थेंबही दिसतो.