तळपायाचे पॉइंट घरीच कसे दाबायचे
दिवसभर ज्वारी काढून पाय ठणकायलेत ना, मग आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवा, कोरडे पुसा अन् खोबरेल घ्या पण चमचाभरच, जास्त झालं की अंगठा नुसता सटकतो. टाचेकडून बोटांकडं अंगठा अळीसारखा सरकवत दाबायचं, एका पायाला पाचेक मिनिटं. शुगर असंल किंवा पायाला जखम असंल तर आधी डॉक्टरला विचारा. रिफ्लेक्सॉलॉजीवाले, म्हणजे तळपायाचे पॉइंट दाबून उपचार करणारे, म्हणतात बोटं म्हणजे डोकं, मधला खोलगट भाग म्हणजे पोट, हा नकाशा १९३० च्या दशकात अमेरिकेत युनिस इंगहॅम बाईनं मांडला. त्यानं आजार बरा होतो याला ठोस पुरावा नाही बरं का, पण मला तरी झोप लई मस्त लागते. आमची आज्जी काशाच्या वाटीनं तळपाय घासायची, वाटी काळी पडली की म्हणायची बघ, उष्णता निघाली!