लक्झरी एसयूव्हीला मागचा कॅमेरा बसवताना या चुका टाळा

जुनी बीएमडब्ल्यू एक्स 5, पहिल्या पिढीची ऑडी क्यू 7 किंवा मर्सिडीजची एमएल सेकंडहँड घेतली की महिनाभरात एक गोष्ट खटकायला लागते. गाडीत स्क्रीन आहे, पार्किंग सेन्सर आहेत, पण मागचा कॅमेरा नाही. या गाड्या नव्या होत्या तेव्हा कॅमेऱ्याचे बऱ्याचदा वेगळे पैसे मोजावे लागत आणि पहिल्या मालकाने ते मोजलेले नसतात. मग ॲक्सेसरीजच्या दुकानात चौकशी होते, ‘तासाभरात बसवून देतो’ असं उत्तर मिळतं, आणि खरोखर तासाभरात चित्र दिसायलाही लागतं. दुखणं सुरू होतं ते पुढच्या आठवड्यात. चित्र लुकलुकतं, डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना येते, सकाळी बॅटरी उतरलेली असते. मालक कॅमेरा बदलून आणतो आणि तेच पुन्हा होतं, कारण अशा वेळी कॅमेरा क्वचितच खराब असतो. वायरिंग चुकलेलं असतं.

रिव्हर्स लाइटच्या वायरवरून वीज घेणं

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

साध्या हॅचबॅकमध्ये रिव्हर्स टाकला की गिअरबॉक्सवरचा स्विच लागतो आणि लाइटला सरळ 12 व्होल्ट जातात. कॅमेऱ्याची लाल वायर तिथे जोडली की काम होतं. एक्स 5 च्या ई 70 पिढीत, म्हणजे 2006 ते 2013 च्या गाड्यांत, बाहेरच्या दिव्यांचा कारभार एफआरएम नावाच्या मॉड्युलकडे (छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरकडे) असतो. हे मॉड्युल दिव्याला अखंड वीज देत नाही. ते वीज सेकंदाला कित्येकदा चालू-बंद करून देतं, म्हणजे अल्टरनेटर 14 व्होल्टच्या वर गेला तरी बल्बवर जादा ताण येत नाही. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. बल्बची तार तापलेली असल्याने हे चालू-बंद डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्यातल्या सर्किटला ते सोसत नाही. चित्रात आडवे पट्टे सरकतात, नाहीतर चित्र येतं आणि जातं. मल्टिमीटर इथे फसवतो, कारण तो सरासरी व्होल्टेज दाखवतो आणि ते आकडे बघून वायर ठीक वाटते.

दुसरी भानगड बल्ब तपासणीची. दिवा बंद असतानाही मॉड्युल मधूनमधून विजेचा छोटा झटका देऊन बल्ब शाबूत आहे का ते बघतं. त्याच वायरवर कॅमेरा असेल तर तो क्षणभर जागा होतो आणि तपासणीचा हिशेबही बिघडतो. बल्ब नवा असूनही सूचना का येते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. जोडताना वायर बॉडीला टेकून शॉर्ट झाली तर एफआरएम ते शॉर्ट मोजून ठेवतं आणि ठरावीक संख्येनंतर तो दिवा कायमचा बंद करतं. मग बल्ब बदला, फ्यूज बदला, काही उपयोग नाही. दोष तपासणारं डायग्नोस्टिक उपकरण लावून तो काउंटर शून्यावर आणावा लागतो.

योग्य मार्ग असा. कॅमेऱ्याला वीज इग्निशनवर चालणाऱ्या फ्यूजवरून द्या, मध्ये 2 अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका. कॅमेरा यापेक्षा खूपच कमी वीज खातो, त्यामुळे फ्यूज यापेक्षा मोठा नको. स्क्रीनसाठी इंटरफेस बॉक्स (कॅमेऱ्याचं चित्र गाडीच्या मूळ स्क्रीनवर आणणारा डबा) लावणार असाल तर बहुतेक बॉक्सना कॅमेऱ्यासाठी 12 व्होल्टची स्वतंत्र वायर असते, तीच वापरा. रिव्हर्स लागल्याची खबर बॉक्सला गाडीच्या कॅन बसवरून, म्हणजे मॉड्युल्स एकमेकांशी बोलतात त्या तारांवरून, मिळू द्या. रिव्हर्स लाइटवरून वीज घेण्याला पर्यायच नसेल तर मध्ये पीडब्ल्यूएमसाठीचा फिल्टर हवा. नुसता रिले लावून भागत नाही, चालू-बंद होणाऱ्या विजेवर तोही खडखडतो.

बॅटरी उतरण्याचं कारण

वरची चूक टाळायला गेलेला माणूस कधीकधी दुसऱ्या टोकाला जातो आणि बॉक्सला कायम चालू असलेली वायर देतो. गाडी लॉक केल्यावर सगळी मॉड्युल्स झोपायला हवीत, पण हा बॉक्स जागा राहतो आणि कॅन बसवर बोलत राहून इतरांनाही झोपू देत नाही.

तपासायचं असेल तर घाई करू नका. टेलगेट उघडा ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद करा, म्हणजे गाडीला दरवाजा लागलाय असं वाटेल. चावी घरात ठेवा. अर्धा तास थांबा आणि मग बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर क्लॅम्प मीटरने करंट बघा. झोपलेल्या गाडीत तो साधारण 50 मिलीअँपिअरच्या आत असावा. जास्त असेल तर नव्या बॉक्सचा फ्यूज काढून पुन्हा बघा. टेलगेट लावण्याआधी कुलूप परत उघडायला विसरू नका, नाहीतर ते आपटून तुटतं.

आणखी एक सांगणं. ई 70 मधलं एफआरएम 3, म्हणजे दिव्यांच्या त्याच मॉड्युलची एक आवृत्ती, कमी व्होल्टेजला फार हळवं आहे. बॅटरी उतरलेली असताना कोडिंग (मॉड्युलच्या सॉफ्टवेअरमधली मांडणी बदलणं) केलं किंवा बॅटरी कशीही काढली-लावली, तर त्याची मेमरी बिघडून गाडीचे दिवे आणि काचा बंद पडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. काम चालू असताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर जोडलेला हवा. असा चार्जर नसलेल्या माणसाला या गाडीचं कोडिंग करू देऊ नका.

टेलगेटमधून वायर नेताना

टेलगेट आणि छताच्या मधे एक रबरी नळी असते, तिच्यातून मूळ वायरी जातात. नवी केबलही तिथूनच गेली पाहिजे. पण केबलच्या टोकाला आरसीए प्लग (टीव्हीच्या केबलला असतो तसा जाड गोल प्लग) असतो आणि तो त्या नळीतून जात नाही. इथे दोन चुका होतात. काही जण केबल नळीच्या बाहेरून नेतात आणि टेलगेट रोज तिला चिमटत राहतो. काही जण प्लग कापतात, वायर आत ओढून घेतात आणि पुन्हा पिळून वरून टेप मारतात. व्हिडिओ केबल साधी वायर नसते. आत मधली तार आणि तिच्याभोवती जाळीचं कवच असतं, ते कवच बाहेरचा विजेचा गोंधळ अडवतं. जोडात कवच तुटलं की चित्रात पांढरी वाळू सांडल्यासारखं दिसतं, इंजिन चालू केल्यावर तर जास्तच.

त्यामुळे टोकाला बारीक कनेक्टर असलेली केबलच घ्या. नळी दोन्ही बाजूंनी खोबणीतून काढा, आतून सिलिकॉन स्प्रे मारा, कडक नायलॉनची दोरी आधी पलीकडे न्या आणि केबल तिला बांधून ओढा. प्लग कापावाच लागला तर मधली तार आणि कवच वेगवेगळे सोल्डर करा, दोन्हींवर वेगळी हीट श्रिंक चढवा, आणि हा जोड नळीच्या आत न ठेवता ट्रिमच्या (आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या) मागे, वायर न वाकणाऱ्या जागी ठेवा. सोल्डर केलेली वायर रोज वाकली की तिथेच तुटते.

नळी परत बसवताना तिची कड सगळीकडून खोबणीत गेली का ते बोटाने चाचपून बघा. आपल्याकडच्या पावसात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, अर्धा सेंटीमीटर कड उचललेली राहिली तरी पाणी डिकीत उतरतं. ई 70 मध्ये बॅटरी डिकीच्या तळाशीच असते. जुलैत गेलेलं पाणी ऑक्टोबरात कनेक्टरवर हिरवा गंज बनून दिसतं आणि तोवर कॅमेऱ्याची आठवणही कुणाला नसते.

ट्रिमच्या आत पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत. त्यांना हात लावू नका. खिडक्यांच्या वर कर्टन एअरबॅग (पडद्यासारखी खाली उघडणारी) असते, तिच्या पुढून किंवा तिला बांधून केबल नेऊ नका. एअरबॅग उघडायच्या क्षणी तिच्या वाटेत काहीही नको. नारिंगी किंवा हिरवी गुळगुळीत केबल दिसली तर ती बहुधा मोस्टची, म्हणजे आवाज आणि स्क्रीनच्या उपकरणांना जोडणाऱ्या जाळ्याची, ऑप्टिकल फायबर आहे. 25 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत ती वाकवू नये. तिच्यावर केबल टाय आवळला तर प्रकाश अडतो, आणि सगळी उपकरणं एकाच वर्तुळात जोडलेली असल्याने आवाज, नेव्हिगेशन, फोन सगळंच गप्प होतं.

बांधायला काळा पीव्हीसी टेप वापरू नका, उन्हात तो चिकट होऊन सुटतो. कापडी हार्नेस टेप मिळतो, तो घ्या. मूळ वायरीला चिमटा लावून जोडणारे निळे-लाल टॅप कनेक्टरही नकोत, ते आतल्या तारा कापतात.

चित्र बघून दोष कसा ओळखायचा

स्क्रीन बदलून कॅमेऱ्याच्या पानावर जाते पण निळी किंवा काळी राहते, याचा अर्थ रिव्हर्सची खबर पोचलीय, कॅमेऱ्याचं चित्र पोचलेलं नाही. कॅमेऱ्यापाशी 12 व्होल्ट आहेत का बघा, मग केबल. स्क्रीन बदलतच नसेल तर खबरच पोचलेली नाही. बॉक्सवरच्या छोट्या डिप स्विचची मांडणी गाडीच्या स्क्रीनप्रमाणे आहे का ते आधी तपासा. ई 70 मध्ये आधीच्या गाड्यांत सीसीसी आणि नंतरच्यांत सीआयसी असे दोन वेगळे आयड्राइव्ह (बीएमडब्ल्यूची स्क्रीन यंत्रणा) आहेत, आणि ‘एक्स 5 चा बॉक्स द्या’ एवढंच सांगून आणलेला बॉक्स हमखास चुकतो.

चित्र कृष्णधवल आहे किंवा वरखाली फिरतंय, तर पाल आणि एनटीएससी या दोन व्हिडिओ पद्धतींची गल्लत आहे. बॉक्सच्या मेनूत किंवा कॅमेऱ्यावर ते बदलता येतं. चित्राऐवजी नुसत्या रेघोट्या येत असतील तर कॅमेरा एएचडी (जास्त स्पष्ट चित्राच्या पद्धतीचा) आणि बॉक्स जुन्या सीव्हीबीएस पद्धतीचा असण्याची शक्यता जास्त. पॅकिंगवर ‘एचडी’ दिसलं म्हणून कॅमेरा उचलू नका, बॉक्स ते घेतो का ते आधी वाचा.

मूळ कंपनीचा कॅमेरा घेतला तरी

तो बसवला की लगेच चालतो, हा गैरसमज आहे. बीएमडब्ल्यूत गाडीच्या व्हेइकल ऑर्डरमध्ये (गाडीत साठवलेल्या सुविधांच्या यादीत) 3एजी हा कोड टाकून संबंधित मॉड्युल्स कोड करावी लागतात, मर्सिडीजमध्ये कॅमेऱ्याचा कोड 218. ऑडीत मूळ कॅमेऱ्याच्या वळणाऱ्या रेषा बरोबर येण्यासाठी गाडीमागे ठरावीक नक्षीचा फलक ठेवून कॅलिब्रेशन करतात. दुसऱ्या गाडीतून काढलेलं एमएमआय (ऑडीची स्क्रीन यंत्रणा) युनिट लावलं तर कंपोनंट प्रोटेक्शन, म्हणजे दुसऱ्या गाडीचा भाग चालू न देणारं कुलूप, आडवं येतं. माझं मत स्पष्ट आहे: कोडिंग करून देणारा विश्वासू माणूस आधी सापडला तरच मूळ संच घ्या. नाहीतर चांगला इंटरफेस आणि साधा कॅमेरा जास्त समाधान देतो.

जागा, नंबर प्लेट आणि रेषा

नंबर प्लेटच्या स्क्रूवर बसणारा कॅमेरा आपल्याकडे आता गैरसोयीचा आहे. हाय सिक्युरिटी प्लेट न निघणाऱ्या स्नॅप लॉकने बसवतात, आणि महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. कॅमेऱ्यासाठी लॉक तोडू नका, प्लेटचा एकही अंक झाकू नका. नंबर प्लेटच्या दिव्याच्या जागी किंवा टेलगेटच्या हँडलमध्ये बसणारा, त्याच मॉडेलसाठीचा कॅमेरा घ्या. पत्र्याला भोक पाडावंच लागलं तर कड कानशीने साफ करून प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय कॅमेरा घट्ट करू नका. सर्व्हिस सेंटरला प्रेशरने धुतात, त्यामुळे पाण्यापासून बचावाचा आयपी 67 हा दर्जा तरी हवाच. पण 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणं. गरम पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यासाठीचा दर्जा 69 के आहे.

चित्र आरशासारखं उलट दिसायला हवं. खात्री करायची सोपी खूण म्हणजे मागे उभ्या असलेल्या गाडीची नंबर प्लेट. स्क्रीनवर ती सरळ वाचता आली तर कॅमेरा चुकीच्या सेटिंगवर आहे, आणि डावीकडचा खांब उजवीकडे दिसतोय. बऱ्याच कॅमेऱ्यांना यासाठी एक छोटी लूप वायर असते. रेषांसाठी दुसरी लूप असते. कॅमेऱ्यातल्या तयार रेषा कुठल्या तरी बुटक्या गाडीसाठी आखलेल्या असतात, उंच एसयूव्हीवर लाल रेष बंपरपासून किती लांब पडेल याचा भरवसा नाही. जमिनीवर खडूने अर्धा, एक आणि दोन मीटरच्या खुणा करून ताडून बघा. जुळत नसतील तर रेषा बंद करून टाका. चुकीच्या रेषेपेक्षा रेष नसलेली बरी.

ही चाचणी मनावर घ्या. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, तो कॅमरन गलब्रँसन यांच्या नावाच्या कायद्यामुळे. हा दोन वर्षांचा मुलगा 2002 मध्ये घराच्या दारात, वडील एसयूव्ही रिव्हर्स घेत असताना गेला. तिथल्या नियमात गाडीमागे 20 फूट लांब आणि 10 फूट रुंद पट्टा दिसला पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र आलं पाहिजे. चाचणीला 32 इंच उंचीचे दंडगोल ठेवतात, साधारण दीड वर्षाच्या मुलाएवढे. भारतात जुलै 2019 पासून नव्या कारना फक्त रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेऱ्याची चाचणी आपल्यालाच करावी लागते. तेवढ्या उंचीची खोकी बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ आणि मागे ठेवा, ड्रायव्हरच्या सीटवर बसून किती दिसतात ते मोजा. मग गाडी पूर्ण बंद करून झोपू द्या, चालू करा आणि लगेच रिव्हर्स टाका. काही बॉक्स जागे व्हायला आठ-दहा सेकंद घेतात, आणि सकाळच्या घाईत नेमकी तीच सेकंदं धोक्याची असतात. असा बॉक्स दुकानदाराला परत द्या. हीच चाचणी रात्री, लेन्सवर पाणी मारून पुन्हा करा.

पैसे देण्याआधी एक कागद लिहून घ्या: वीज कुठल्या फ्यूजवरून घेतली, अर्थिंग कुठे दिलं, केबल कुठून नेली, बॉक्स कुठल्या ट्रिममागे आहे, डिप स्विच कसे लावले. तो ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी बिलासह कॅमेऱ्याची नोंद इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये करून घ्या.