सावलीत न दिसणारा ठोसा : शॅडो बॉक्सिंग करताना पंच कसा मारावा

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची पांढरी भिंत आहे. सकाळी ऊन कोवळं असताना तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं, की पाठीमागच्या उन्हामुळे सगळी सावली भिंतीवर पडते. तिथे सराव करताना एक गंमत लक्षात आली : नीट मारलेला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्या सावलीत जवळजवळ दिसतच नाही. मूठ डोक्याच्या काळ्या आकाराच्या आतून पुढे जाते आणि तिथूनच परत येते. बाजूने पंख फुटल्यासारखं कोपर दिसलं, की समजायचं, ठोसा वाकडा गेला.

शॅडो बॉक्सिंग म्हणजे समोर कुणी नसताना, हवेत, प्रतिस्पर्धी आहे असं धरून केलेला सराव. दिसायला सोपा, म्हणून लोक धडाधड हात फेकत सुटतात. मीही तेच केलं होतं. सरावाच्या टांगलेल्या बॅगवर मारलं की बॅग मूठ अडवते, हवा काही अडवत नाही. पूर्ण जोराने फेकलेला हात शेवटी कोपराच्या सांध्यावर जाऊन आदळतो. पहिल्याच महिन्यात माझं उजवं कोपर असं दुखावलं, की जिना उतरताना कठडा धरला तरी कळ यायची. हवेतला ठोसा थांबवायचा तोही आपणच आणि परत आणायचाही आपणच. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवातीला

दोन्ही हात पसरून गोल फिरता येईल एवढी जागा पुरते. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून करू नका. बूट घाला, नाहीतर अनवाणी करा. आधी पाच मिनिटं दोरीच्या उड्या किंवा जागच्या जागी धावणं, मग खांदे आणि मनगटं फिरवून मोकळी करणं. मोबाईलवर गजर लावा. ऑलिंपिकमधली लढत 3 मिनिटांच्या 3 फेऱ्यांची असते, मध्ये 1 मिनिट विश्रांती. नवख्याने 2 मिनिटांच्या फेऱ्या धराव्यात.

हातात डंबेल घेऊन ठोसे मारायची एक हौस असते. माझं मत विचाराल तर घेऊ नका. वजन हाताला खाली ओढतं, ठोशाची वाट मात्र सरळ पुढे असते. शिवाय थांबवायला जड, म्हणजे पुन्हा कोपरावरच भार.

पाय

उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे. डावखुऱ्यांनी पुढची सगळी डावी-उजवी उलटी वाचावी. फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ तसाच, उजवा पाय पुढे ठेवून उभा राहायचा. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर ठेवा. दोन्ही पाय एका रेषेत आणू नका. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखं उभं राहिलात तर बाजूने बोट लावलं तरी तोल जाईल. मागच्या पायाची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर साधारण सारखं. घरातल्या कुणालाही खांद्यावर हलका धक्का द्यायला सांगा. पाऊल उचलावं लागलं तर अंतर चुकलंय.

हनुवटी खाली. दोन्ही मुठी गालाशी, कोपरं बरगड्यांजवळ. याला गार्ड म्हणतात. "हात! हात!" हे आमचे सर दिवसातून शंभर वेळा ओरडायचे, ते या गार्डसाठी.

मूठ

चार बोटं तळहातात घट्ट गुंडाळा. अंगठा बाहेरून, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर आडवा. तो मुठीच्या आत गेला तर पहिल्याच खऱ्या फटक्याला दुखावेल. ठोसा लागायला हवा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन गाठींवर. करंगळीच्या बाजूने मारणाऱ्याच्या तळव्याचं त्या बाजूचं हाड मोडतं, आणि ही दुखापत इतकी नेहमीची आहे की डॉक्टर तिला बॉक्सरच्याच नावाने ओळखतात. हवेत काहीच मोडत नाही हे खरं, पण हवेत लागलेली सवयच उद्या बॅगवर जाणार.

मनगट कोपरापर्यंत एका रेषेत हवं. टेबलाच्या कडेवर मूठ टेकवून हळूच दाब द्या, मनगट कुठल्या बाजूला मुडपतं ते लगेच कळतं. मूठ सारा वेळ आवळून ठेवू नका. वाटेत सैल आणि पोहोचताना घट्ट. सतत आवळलेली मूठ खांद्यापर्यंत सगळं ताठ करते, मग ठोसा फिरत नाही, नुसता ढकलला जातो.

जॅब

पुढचा, म्हणजे डावा हात. गालापासून निघून नाकासमोर सरळ. निघताना कोपर खालीच राहतं. मूठ आधी जाते आणि कोपर तिच्या मागून. शेवटच्या वीतभर अंतरात मूठ आत वळते, तळहात जमिनीकडे येतो. डावा खांदा वर येऊन हनुवटी झाकतो. उजवा हात या वेळात काय करतो? काही नाही, गालाशी बसून राहतो. नवख्यांचा हाच हात सगळ्यात आधी खाली पडतो.

हात पूर्ण ताठ होण्याच्या जरासं आधी थांबवा आणि ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत गालाशी आणा. खाली झोका देऊन, कमरेजवळून नाही. कोपर बाहेर फाकत असेल तर डावी बाजू भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून उभे राहा आणि जॅब मारा. कोपर भिंतीला घासलं की चूक तिथल्या तिथे कळते. मी दहा दिवस असाच घासत होतो, बाहीला चुना लागायचा.

क्रॉस, आणि ताकाची रवी

मागचा उजवा हात. सगळा जोर यातच आहे असं वाटतं, आणि नेमका यातच माणूस नुसता हात फेकतो. जोर पायातून येतो. मागच्या पायाचा चवडा जमिनीत दाबून फिरवा, टाच बाहेर जाऊ द्या. त्यासोबत कंबर फिरते, कमरेमागून खांदा, आणि सगळ्यात शेवटी हात सुटतो. टाच जागच्या जागी राहिली असेल तर कंबर फिरलेली नाही, हे पक्कं समजा.

हे मला नीट कळलं ते आजीचं ताक घुसळणं आठवून. रवीला दोरी गुंडाळलेली असते. एक टोक मागे ओढलं की दुसरं पुढे जातं, आणि मधली रवी जागच्या जागी गरकन फिरते. तुमचं धड ती रवी आणि दोन हात दोरीची दोन टोकं. जॅबचा हात मागे ओढला जातो त्याच ओढीने क्रॉस पुढे निघतो. क्रॉस परत येतो त्याच फिरण्यात पुढच्या हाताचा हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, तयार असतो. रवी फिरताना पुढे झुकत नाही, तसं तुमचं डोकंही पुढच्या गुडघ्यापलीकडे जाता कामा नये. गेलं, तर हवेत ठोसा चुकल्यावर आपणच दोन पावलं पुढे धडपडतो.

एक चाचणी : क्रॉस मारून शेवटच्या क्षणी तसेच गोठून राहा. हनुवटी उजव्या खांद्यामागे, डावी मूठ गालाशी, मागची टाच वर आणि बाहेर वळलेली. असे तीन सेकंद न डगमगता उभे राहू शकलात तर ठोसा बरोबर. सुरुवातीला दहातले सात वेळा डगमगाल.

हुक आणि अपरकट

डावा हुक बाजूने येतो. कोपर साधारण काटकोनात वाकलेलं, खांद्याच्या उंचीला, हात जमिनीला समांतर. हात लांब फेकून वळवायचा नाही. वाकलेला हात तसाच ठेवून पुढचा पाय आणि कंबर फिरवायची, हात आपोआप येतो. बॅग असेल तर ती हुक अडवते. हवेत मात्र तो तुम्हाला भोवऱ्यासारखा फिरवून पाठमोरं करतो. म्हणून मूठ स्वतःच्या नाकासमोर आली की थांबवा.

"मुहम्मद अली तर हात खालीच ठेवायचा" असं सांगणारा एकजण प्रत्येक क्लबात भेटतो. त्याला 8 मार्च 1971ची लढत सांगावी. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, पंधराव्या फेरीत, जो फ्रेझियरच्या डाव्या हुकने अली पाठीवर पडला होता. तो उठला, पण लढत हरला. अलीचे पाय आणि त्याची नजर आपल्याकडे नाहीत, तेव्हा उजवी मूठ गालाशीच बरी.

अपरकट आखूड असतो. गुडघे थोडे वाकवा, त्या बाजूला जरा वजन घ्या आणि पायाने उठत मूठ वर न्या, तळहात आपल्याकडे. मूठ आपल्या हनुवटीच्या उंचीला आली की पुरे, आकाश गाठायचं नाही. मारण्याआधी हात कमरेखाली नेऊन झोका घेतलात तर समोरच्याला तो मुंबईहून पुण्याला निघाल्यासारखा आधीच दिसतो.

श्वास आणि जोडण्या

प्रत्येक ठोशाला तोंडाने किंवा नाकाने छोटा फुत्कार : "शू". श्वास रोखून मारलं तर अर्ध्या मिनिटात दम लागतो.

ठोशांना आकडे देतात : 1 जॅब, 2 क्रॉस, 3 डावा हुक. पहिले दोन आठवडे एवढ्याच जोडण्या पुरेत : 1, मग 1-1, मग 1-2, मग 1-2-3. प्रत्येक जोडणीनंतर जागा बदला : एक पाऊल बाजूला, किंवा डोकं किंचित खाली घेऊन दुसऱ्या बाजूला. डावीकडे जाताना आधी डावाच पाय उचला, पाय एकमेकांना ओलांडू देऊ नका. कपडे वाळत घालायची दोरी खांद्याच्या उंचीला असेल तर तिच्याखालून या बाजूने त्या बाजूला सरकत मारा, कमरेतून न वाकता गुडघ्यातून. शेजारच्या काकूंच्या साड्या असतील त्या दिवशी मात्र जपून.

समोर माणूस आहे असं खरोखर धरा. तुमच्याच उंचीचा, त्याचं नाक तुमच्या नाकासमोर. त्याचे ठोसेही येऊ द्या. तो मारतोय असं धरलं की हात आपोआप वर राहतात.

तीन फेऱ्या

पहिली फेरी निम्म्याहून कमी वेगाने, फक्त जॅब आणि पाय. इतकं सावकाश, की टाच कधी फिरली आणि मूठ कधी वळली हे मोजता येईल. दुसरी 1-2ची, मध्यम वेगाने. तिसरीत वेग वाढवा, पण हात परत आणायचा वेग मारायच्या वेगापेक्षा कमी झाला की लगेच हळू करा. तिसऱ्या फेरीचं बाजूने चित्रीकरण करून ठेवा. बघताना ठोशांकडे बघू नका, ठोसा न मारणाऱ्या हाताकडे बघा. तो किती वेळा गालावरून उतरला ते मोजा आणि आकडा लिहून ठेवा. माझा पहिल्या दिवशीचा आकडा 31 होता.

दुसऱ्या दिवशी खांदे आणि पोटऱ्या भरून आल्या तर चांगलंच. कोपराच्या मागच्या बाजूला किंवा मनगटात टोचल्यासारखं दुखलं तर दोन दिवस हात बंद, फक्त पावलांचा सराव. परत सुरू कराल तेव्हा ठोसा आणखी चार बोटं आधी थांबवा. तरीही दुखलं तर डॉक्टरांना दाखवा.