छोटे सिक्लिड आणि त्यांची पिल्लं: नागपुरात या चुका टाळा

"भाऊ, काल संध्याकाळी अंडी होती, सकाळी एकही नाही." मासे पाळणारे दोन नागपूरकर भेटले की हे वाक्य येतंच. पाठोपाठ निकालही लागतो: आईबापच खातात, जातच तशी. सिक्लिड म्हणजे पिल्लांची राखण करणाऱ्या माशांचं एक कुळ, आणि त्यातल्या छोट्या जातींवर हा सरळ अन्याय आहे. क्रिबेन्सिस, रॅम, अपिस्टोग्रामा, शंखात राहणारे मल्टी, हे सगळे अंडी आणि पिल्लं राखणारे मासे. ते अंडी खातात तेव्हा बहुतेक वेळा पाणी, टँकची मांडणी किंवा मालकाचा हात, यांपैकी काहीतरी आड आलेलं असतं. पहिल्या एक-दोन वेळा नवखी जोडी अंडी खाते, ते सोडून द्या. तेवढ्यासाठी जोडी बदलायला धावू नका.

रंगावर भाळून मासा आणणं

दुकानात रॅम सगळ्यात देखणा दिसतो आणि घरी सगळ्यात आधी मरतोही तोच. हा मासा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानांतला. तिथलं पाणी कोमट, मऊ आणि किंचित आम्लधर्मी. आपल्याकडे पेंचचं, म्हणजे नवेगाव खैरी धरणाचं आणि कन्हानचं पाणी येतं. घरी पोचेपर्यंत त्यात काय मिसळतं, ही वेगळी गोष्ट. मे महिन्यात सोसायटीच्या टाकीत नळ, टँकर आणि बोअर असे तिघे एकत्र नांदतात. फेब्रुवारीत मोजलेला टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तेव्हा धरायचा नसतो. दर महिन्याला मोजा, आणि शक्य झालं तर कठीणपणाची चाचणीही करा, कारण टीडीएस मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यात कॅल्शियम किती हे सांगत नाही.

जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात रॅम अंडी घालतो, पण ती दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात आणि त्यांवर कापसासारखी बुरशी चढते. बुरशीचं औषध ओतून उपयोग नाही, कारण बुरशी आधीच मेलेल्या अंड्यावर येते. अंडी पांढरी का पडली ते शोधा: पाणी जड, नर कच्चा, किंवा मुळात जोडीच नाही. दोन माद्या एकमेकींशी जोडी जमवून अंडी घालतात आणि मालक महिनोन् महिने नराची वाट पाहत बसतो, असंही होतं.

बोअरचंच पाणी असेल तर माझं स्पष्ट मत आहे: रॅम विसरा, मल्टी आणा. टांगानिका सरोवरातला हा मासा जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा. त्याला पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, ७ च्या वर गेला की अल्कधर्मी) ८ च्या वरचं जड पाणीच हवं. वाळूचा थर आणि गोगलगायीचे उकळून घेतलेले रिकामे शंख द्या, बाकी संसार तो स्वतः मांडतो. नळाचं पाणी असेल तर क्रिब, म्हणजे क्रिबेन्सिस. नायजेरिया-कॅमेरूनकडचा हा मासा बऱ्याच प्रकारच्या पाण्यात निभावून नेतो, आणि सुरुवात करणाऱ्याला याच्याइतका समजूतदार मासा नाही. मादी ओळखायलाही सोपी: आकाराने लहान, गोलसर, आणि अंड्यावर आली की पोट जांभळट-लाल. नर लांब, त्याचे पंख टोकदार.

आरओबद्दल, म्हणजे मशीनने क्षार काढलेल्या पाण्याबद्दल, दोन उलट्या चुका होतात. काही जण टँक शुद्ध आरओने भरतात. त्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात, त्यामुळे तो कधीही घसरतो. आरओ नळाच्या पाण्यात मिसळूनच वापरा. दुसरे जण पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी टँकला घालतात. त्यात तर सगळे क्षार आणखी दाट झालेले असतात. ते पाणी फरशी पुसायला ठेवा.

घर न देता संसाराची अपेक्षा

क्रिबला गुहा लागते, आणि तिचं तोंड मादी जेमतेम शिरेल एवढंच हवं. नारळाची करवंटी उकळून, काठाला खाच पाडून उपडी ठेवली की काम झालं. मादी आत छताला अंडी चिकटवते, नर बाहेर पहारा देतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे रोज करवंटी उचलून बघणं. दोन-तीनदा असं झालं की मादीच्या लेखी जागा धोक्याची ठरते आणि ती अंडी गिळून मोकळी होते. मादी तीन दिवस जेवणापुरतीही बाहेर येत नसेल तर आत अंडी आहेत, एवढं समजून घ्या. साधारण तिसऱ्या दिवशी अंडी फुटतात, आणि घातल्यापासून आठवड्याभराने पिल्लांचा थवा आईमागे बाहेर पडतो.

रात्री लाईट एकदम बंद केला की थवा विखुरतो आणि आईबाप गोंधळतात. खोलीतला मंद दिवा थोडा वेळ राहू द्या. फिल्टर हवेवर चालणारा स्पंजचाच हवा. पॉवर फिल्टरच्या तोंडाशी पिल्लं कशी नाहीशी होतात, ते कळतसुद्धा नाही.

पिल्लांना काय घालता?

पिल्लं खरी मरतात ती इथे. उकडलेल्या अंड्याचा बलक हा घरोघरचा उपाय, पण पिल्लं खातात त्याच्या कितीतरी पट तो पाण्यात कुजतो. कुजताना अमोनिया तयार होतो, आणि पीएच ७ चा ८ झाला तर विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. म्हणजे जड पाण्याच्या टँकमध्ये बलकाची चिमूट जास्तच महाग पडते.

आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, त्यांच्या सुक्या अंड्यांतून काढायला शिका. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम साधं मीठ, चिमूटभर अंडी, खालून जोरदार हवा आणि वर दिवा. २६ ते २८ अंशांना साधारण २४ तासांत पिल्लं निघतात. नागपूरच्या डिसेंबरात रात्री खोली गार पडते, तेव्हा बाटली दिव्याशेजारी ठेवा, नाहीतर दुसरा दिवसही जातो. हवा बंद केल्यावर रिकामी टरफलं वर तरंगतात आणि केशरी पिल्लं खाली गोळा होतात. खालची तेवढी नळीने काढा, गाळा, गोड्या पाण्यात खळखळून टँकमध्ये सोडा. टरफलं गेली तर पिल्लांच्या आतड्यात अडकू शकतात.

पोट भरलं की नाही हे विचारायची गरज नाही. मागून टॉर्च धरा: आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाच्या काचेसारख्या अंगात पोट केशरी टिकलीगत दिसतं. दहा-पंधरा मिनिटांत तसं दिसलं नाही, तर घास मोठा आहे किंवा पोचलाच नाही. रॅमची पिल्लं क्रिबपेक्षा बारीक असतात, त्यांना पहिले काही दिवस पाण्यातले सूक्ष्मजीव लागतात. जुन्या टँकमधला शेवाळलेला मॉस (पाण्यात वाढणारी बारीक वनस्पती) तिथे हुकमी उपयोगी पडतो. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या, आणि रोज दहा टक्के पाणी बदला. नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि तापमान जुळवलेलं. आणि राजेहो, पिल्लांना जाळीने पकडू नका. हलवायचीच असतील तर नळीने पाण्यासकट ओढून घ्या.

मे महिना

पारा ४५ च्या पुढे गेल्यावर टँक ३३-३४ अंशांवर चढतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशांची ऑक्सिजनची गरज वाढते, म्हणून फिल्टर जोरात ठेवा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. नागपूरचा मे कोरडा, त्यामुळे बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. जुलैच्या दमट हवेत हाच पंखा फारसं काही करत नाही. झाकण काढलं असेल तर जाळी घाला, मासे उडी मारतात.

चूक याच्या पुढे होते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि भर घातली जाते बोअरच्या पाण्याची. महिनाभरात टँकमधलं पाणी चांगलंच जड होतं आणि एप्रिलमध्ये नीट अंडी घालणारी जोडी थांबते. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानेच करा. अपिस्टो पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: या माशांत अंडी आणि पिल्लं वाढतानाच्या तापमानाचा नर-मादीच्या प्रमाणावर परिणाम होतो, आणि जास्त उष्णतेत नर जास्त निघतात. उन्हाळी पिल्लांची अख्खी बॅच नरांचीच निघाली तर दुकानदाराला दोष देऊ नका.

लाईट जाते ती याच दिवसांत. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात हवाच.

डासांचं औषध

पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या भीतीने घरोघर लिक्विड मशीन सुरू असतं आणि गल्लीत धुराची गाडी फिरते. त्या औषधांतली पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी असतात, आणि एअरपंप खोलीतली हवाच टँकमध्ये ढकलतो. ज्या खोलीत पिल्लं आहेत तिथे मशीन नको. गाडीचा आवाज आला की खिडक्या लावा, पंप थोडा वेळ बंद ठेवा. रंगकाम आणि झुरळांचा स्प्रे यांनाही हाच नियम.

जागा संपल्यावर

पिल्लं जगली की ती द्यायची कुठे, हे आधी ठरवा. फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडणं हा मार्ग नाही. मोझांबिक तिलापिया हाही सिक्लिडच, १९५२ मध्ये भारतात आणला, आणि देशभरच्या पाण्यात पसरून बसला. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा. दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत सहसा कोणी घेत नाही. क्रिबच्या मादीचं पोट पुन्हा लाल दिसू लागलं की मोठी पिल्लं लगेच दुसऱ्या टँकमध्ये हलवा. नवी अंडी पडली की आईबाप या मोठ्या पिल्लांनाच शत्रू समजून हाकलायला लागतात.