गेलिक फुटबॉलचा मिडफिल्डर गोव्याच्या मैदानावर कसा घडवायचा

पेडण्यापासून काणकोणपर्यंत गावोगावी फुटबॉल खेळणारी मुलं आहेत. त्यांच्यापैकी कुणाला आयर्लंडचा, हात आणि पाय दोन्हींनी खेळला जाणारा गेलिक फुटबॉल शिकायचा असेल, त्यातही मैदानाचा मधला भाग सांभाळायचा असेल, तर त्याचे पाय बऱ्यापैकी तयार असतात. मेहनत घ्यायची ती हातांवर. उंच आलेला चेंडू झेलून खाली उतरल्यावर पुढच्या तीन-चार सेकंदांत तो काय करतो, यावर मिडफिल्डरची किंमत ठरते. सरावाचा क्रमही तसाच लावायचा. आधी झेल, मग चार पावलं, मग पास. धावणं या सगळ्यात येतंच.

नियम थोडक्यात असे. एका बाजूला १५ खेळाडू असतात: गोलरक्षक, सहा बचावपटू, दोन मिडफिल्डर, सहा आक्रमक. मिडफिल्डरच्या पाठीवर ८ आणि ९ हे आकडे असतात. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद. आडव्या दांड्याखालून चेंडू जाळ्यात गेला की गोल, म्हणजे ३ गुण. दांड्यावरून दोन खांबांच्या मधून गेला की १ गुण. २०२५पासून गोलभोवती ४० मीटरवर जमिनीवर आखलेल्या कमानीबाहेरून पायाने मारून दांड्यावरून घातला तर २ गुण मिळतात.

एवढं मोठं मैदान आपल्याकडे सहसा मिळत नाही. फुटबॉलच्या मैदानावर ७ किंवा ९ जणांचे संघ करा. आयर्लंडबाहेरही कमी खेळाडूंचे सामने सर्रास होतात. गोलपोस्टची सोय सोपी आहे. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, गेलिकचा ६.५ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच. म्हणजे दांडा जवळपास त्याच उंचीवर आहे. जमिनीत पुरलेल्या खांबांना बाहेरच्या बाजूने सरळ बांबू लावा, तीन ठिकाणी दोरीने आवळा, वरचं टोक ७ मीटरपर्यंत जाऊ द्या. उचलून नेता येणाऱ्या लोखंडी गोलाला मात्र बांबू कधीच बांधू नका. वरचा भार आणि वारा यांनी तो उलटतो, आणि खाली गोलरक्षक असतो.

झेल

सुरुवात व्हॉलीबॉलने करा. त्याचं वजन २६० ते २८० ग्रॅम. बोटांना सवय होईपर्यंत तेवढंच बरं. मग ५ नंबरचा फुटबॉल घ्या, ४१० ते ४५० ग्रॅमचा. गेलिकचा चेंडू कोरडा असताना ४८० ते ५०० ग्रॅम भरतो. पहिल्याच आठवड्यात तो तीस मीटरवरून झेलायला लावलं की बोटं दुखावतात, आणि मग मुलगा हात आखडता घ्यायला लागतो. ती भीती काढायला महिने जातात.

दोन्ही पंजे उघडे, बोटं फाकलेली आणि आभाळाकडे, अंगठे जवळजवळ. कोपर किंचित वाकलेलं हवं, म्हणजे चेंडूचा मार हात खातो. बोटं चेंडूच्या दिशेने रोखलेली असली की तो थेट टोकांवर आदळतो आणि सांधा सुजतो. झेलताना चेंडू आणि स्वतःचे पंजे दोन्ही दिसले पाहिजेत, म्हणजे झेल कपाळाच्या वर आणि थोडा पुढे होतो. हात डोक्यामागे गेले तर चेंडू बोटांना चाटून निघून जातो.

चेंडूच्या खाली जाऊन उभं राहणं ही फुटबॉलमधून येणाऱ्यांची नेहमीची चूक. जागेवरून मारलेली उडी धावत मारलेल्या उडीपुढे कमीच पडते. चेंडू जिथे पडणार त्याच्या दोन-तीन पावलं मागे थांबा, मग त्याच्यावर चालून जा. उडी एका पायावर घ्या आणि दुसरा गुडघा कमरेपर्यंत उचला. त्याने उंची मिळते आणि पोट झाकलं जातं. तोच गुडघा समोरच्याच्या पाठीत गेला तर फाउल होतो, हे आधीच सांगून ठेवा. चेंडू वरून खाली वळल्याशिवाय उडी घ्यायची नाही. उतावळा खेळाडू वर जाऊन परत खाली येत असतो तेव्हा चेंडू त्याच्या डोक्यावरून पलीकडे जातो.

उतरताना गुडघे वाकलेले, चेंडू हनुवटीखाली छातीशी, आणि पाठ गर्दीकडे. ताठ गुडघ्याने उतरणाऱ्याला पहिल्या दिवसापासून टोका.

एका सत्राचं माप असं ठेवा: पाच मीटरवरून हाताने टाकलेले २० झेल उभ्याने, २० चालत येऊन, मग तीस मीटरवरून पायाने मारलेले १० झेल उडी घेऊन, आणि शेवटी साथीदार खांद्याला खांदा लावत असताना १०. पूर्ण उड्या २०च्या वर नेऊ नका. तांबड्या कडक मातीच्या मैदानावर त्याही निम्म्या करा. अशी सत्रं आठवड्याला दोन पुरेत.

प्रत्येक चेंडू झेलता येत नाही. तीन हात एकाच वेळी वर गेले असतील तर मूठ मारून तो आपल्या माणसाकडे पाडायचा. कुठल्या बाजूला, हे सामन्याआधी ठरलेलं हवं. दुसऱ्या मिडफिल्डरने त्या बाजूला पाच-सहा मीटरवर धावत यायचं. तिथे कुणीच नसेल तर उंच उडीचा काही उपयोग होत नाही.

२०२५च्या नियमांनी या कौशल्याला पुन्हा भाव आला. गोलरक्षक चेंडू पुन्हा खेळात आणायला मारतो ती किक-आउट आता ४० मीटरच्या कमानीपलीकडे जावीच लागते. जवळच्या बचावपटूला हळूच देऊन सुटका नाही. कमानीपलीकडे ती किक कुणी स्वच्छ झेलली की त्याला ‘मार्क’ मिळतो, म्हणजे फ्री किक. हवं तर न थांबता खेळही चालू ठेवता येतो.

चार पावलं

चेंडू हातात धरून चारच पावलं टाकता येतात. पुढे तो टप्पा पाडून परत घ्यायचा, नाहीतर पायाच्या टोकाने स्वतःच्या हातात उडवायचा. या दुसऱ्या प्रकाराला ‘सोलो’ म्हणतात. सलग दोन टप्पे चालत नाहीत; सलग सोलो कितीही चालतात. म्हणून आधी सोलो पक्का करा. कापणी झालेल्या शेतात टप्पा कुठेही वळतो आणि मऊ वाळूत तो उठतच नाही, तेव्हा गोव्यात तर सोलोशिवाय गत्यंतर नाही.

ज्या पायाने सोलो करायचा त्याच बाजूच्या हाताने चेंडू कमरेच्या उंचीवरून सोडा. वर उडवू नका, नुसता सोडा. घोटा घट्ट, बोटं नडगीकडे ओढलेली, पाऊल गुडघ्याच्या खालीच. चेंडू उलटा फिरत हातात परत येतो. तो पुढे पळत असेल तर बोटं खाली झुकली आहेत. अंगावरून बाजूला जात असेल तर दोन्ही हातांनी सोडला आहे किंवा आडवा सोडला आहे. आधी २० मीटर चालत, मग हळू धावत, मग पूर्ण वेगात, आणि चौथ्या फेरीपासून डाव्या पायाने. मोरजी किंवा मांद्र्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला जी ओली घट्ट वाळू उघडी पडते, ती यासाठी उत्तम जागा आहे.

पुरुषांच्या खेळात जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही. चेंडूशेजारी एक पाय रोवा, गुडघे वाका, दुसऱ्या पायाचं टोक खाली सरकवा, आणि तळवे त्या टोकासमोरच ठेवा. आपल्या मुलांचा पाय सवयीने चेंडू पुढे ढकलतो. रोज १५ वेळा उचलायला लावलं की ते थांबतं.

पास

हाताचा पास फेकायचा नसतो, मारायचा असतो. चेंडू एका तळव्यावर, दुसऱ्या हाताच्या मुठीने किंवा उघड्या पंजाने त्यावर स्पष्ट ठोका. खालून केलेली व्हॉलीबॉलची सर्व्हिस ज्याला येते त्याला हे एका संध्याकाळी जमतं. ठोका पंचाला दिसला नाही तर फ्री किक विरुद्ध जाते. झेल घेणाऱ्याने शक्यतो पहिल्या दोन पावलांत पास द्यावा. चौथ्या पावलाला समोरच्याचा उघडा पंजा चेंडूवर आलेला असतो. पायाने ३०-४० मीटरचा पास दोन्ही पायांनी यायलाच हवा.

धाव

नव्या नियमांनुसार संघाचे किमान तीन खेळाडू कायम समोरच्या अर्ध्या भागात राहावे लागतात. त्यामुळे दोन्ही टोकांना जाऊन येण्याची जबाबदारी आणखी मिडफिल्डरवर पडते. आठवड्यातून एकदा ४ मिनिटांच्या चार जोरकस फेऱ्या घ्या, मध्ये ३ मिनिटं हळू धावत. दुसऱ्या दिवशी ३० मीटरच्या सहा पूर्ण वेगाच्या धावा, दर ३० सेकंदांनी एक, आणि प्रत्येक धावेच्या शेवटी एक झेल. दमलेल्या हातांनी झेल घेण्याची सवय अशीच लागते.

एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाला सुरू करून आठला थांबा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल तर पुढच्या दोन-तीन तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी थोडं थोडं प्यायचं, त्यात मीठ-साखर-लिंबू. नुसतं पाणी ढोसलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. सकाळच्या सत्राआधी तासभर उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज पोटाला जड होत नाही. पावसाळ्यात पाणी साचलेल्या शेतात अनवाणी उतरू नका. पायाला चीर असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण होऊ शकते.

कारकीर्द

हा खेळ हौशी आहे. आयर्लंडमध्ये मोठ्या कौंटीसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या संघासाठी, खेळणाऱ्यालाही खेळण्याचा पगार नाही. शिक्षण आणि नोकरी सांभाळूनच सराव होतो. तेव्हा याला पोटापाण्याचा मार्ग समजून अभ्यास सोडू नका. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलात तर राहत्या भागातला क्लब हाच दरवाजा असतो. कौंटीचे खेळाडू क्लबमधूनच निवडले जातात.

डब्लिनचा ब्रायन फेंटन पाहा. २०१४मध्ये २१ वर्षांखालील विजेतेपद, २०१५मध्ये वरिष्ठ संघात पदार्पण आणि त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात सामनावीर. नंतर एकूण सात ऑल-आयर्लंड (कौंटी संघांच्या देशव्यापी स्पर्धेची) विजेतेपदं, आणि २०२४मध्ये वयाच्या ३१व्या वर्षी निवृत्ती. केरीच्या जॅक ओ’शेनेही १९७८ ते १९८६ या काळात सातच मिळवली. दोघेही वर्षानुवर्षं संघात टिकले, आणि टिकण्यासाठी आधी दुखापती टाळाव्या लागतात. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यावर बसून घोटे धरवून पुढे झुकण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करा, पाच-पाचच्या दोन खेपा. सामन्याच्या आदल्या दिवशी तो टाळा. तोंडात दातांचं संरक्षक कवच सरावालाही हवं. तिकडे ते सक्तीचं आहे. बाजारातलं कवच गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवून घ्या. नीट बसलं नाही तर पहिल्याच उडीत ते निसटतं.