बांधकामावर अपघात झाला आणि सरकारी चौकशीच झाली नाही? या चुका टाळा

गावात नालीचं काम चालू असतं. जेसीबी पुढे उकरत जातो, मागून दोन माणसं तळाशी उतरून फावड्याने लेव्हल काढतात. उकरलेल्या काळ्या मातीचा ढीग नालीच्या अगदी काठाला लागलेला. अशीच एक नाली आमच्या तालुक्यात तीन वर्षांपूर्वी खचली. खोली जेमतेम सहा फूट. तळाशी वाकलेला माणूस छातीपर्यंत गाडला गेला. लोक विचारत होते, डोकं तर बाहेर होतं, मग गेला कसा? ओल्या मातीचा एक घनमीटर दीड टनाच्या वर भरतो. तो छातीवर बसला की श्वास सोडता येतो, पुन्हा आत घेता येत नाही.

वय 35. रोज 500. मागे बायको आणि दोन लेकरं.

मी पंधरा वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, आता तालुक्याच्या गावी कामगारांचे अर्ज आणि दावे भरून देतो. त्या अपघाताची सुरक्षेच्या कायद्याखाली कधीच चौकशी झाली नाही. कोणी दाबली म्हणून नव्हे. ते काम, तो ठेकेदार आणि तो माणूस कामगार खात्याच्या एकाही कागदावर नव्हता. जिल्ह्याला मोजके अधिकारी, तालुके भरमसाट, साइट रानोमाळ. ज्या कामाची नोंदच नाही तिथे ते आपणहून पोचत नाहीत. कायद्याला तुमच्या साइटपर्यंत आणणारे कागद कुठे कुठे सुटतात, ते मला रोज दिसतं. त्यातले जे वेळेत सावरता येतात ते इथे मांडतो.

"छोटं काम आहे, कायदा लागत नाही"

ठेकेदारही हेच म्हणतो, सरपंचही हेच म्हणतो. 1996 च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने आकडा ठरवला होता तो 10 चा: मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी 10 कामगार असले की कायदा लागू. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयी 2020 ची संहिता आली, त्यातही 10 चाच आकडा आहे. चूक होते ती मोजण्यात. सेंट्रिंगवाले चार, लोहा बांधणारे तीन, मिस्त्री दोन, कुली-रेजा सहा, आणि प्रत्येक टोळीचा मुकादम वेगळा, म्हणून "माझ्याकडे तर चारच माणसं" असा हिशेब सांगितला जातो. काम एक, साइट एक, तर माणसं एकत्र मोजायची.

स्वतःच्या राहत्या घराला सूट आहे. जुन्या कायद्यात 10 लाखांपर्यंत होती, नव्या संहितांत 50 लाखांपर्यंत. गावातली बहुतेक घरकुलं त्यात बसतात. पण नाली, शाळेची खोली, पाण्याची टाकी, सिमेंट रस्ता ही कोणाची राहती घरं नव्हेत.

उपकर कापला म्हणजे सगळं झालं, असं समजणं

सरकारी बिलातून 1 टक्का उपकर कापला जातो. ठेकेदार तो कागद दाखवतो आणि म्हणतो, मी कामगारांचे पैसे भरले. तो पैसा बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. त्याने साइटची नोंदणी होत नाही, काम सुरू होण्याची सूचना जात नाही, विमाही निघत नाही. जुन्या कायद्यात काम सुरू होण्याच्या 30 दिवस आधी निरीक्षकाला सूचना द्यायची होती, आणि आमच्याकडे सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच. ग्रामपंचायत सदस्यांनी कार्यारंभ आदेशासोबत या सूचनेची पोच मागावी. मागायला पाच मिनिटं लागतात. पोच नसेल तर उकरायला सुरुवात करू देऊ नये.

हजेरीची वही मुकादमाच्या खिशात ठेवणं

अपघातानंतरचा पहिला प्रश्न असतो, "हा माणूस तुमच्याकडे होता का?" आणि पहिलं उत्तर येतं, "नाही, आजच आला होता बघायला."

म्हणून कामगारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. दर शनिवारी चुकारा घेताना हजेरीच्या पानाचा फोटो काढा. पैसे फोनवर घ्या, म्हणजे बँकेत नोंद राहते. मंडळाकडे नोंदणी करा: वय 18 ते 60, वर्षात 90 दिवस बांधकामावर काम, आणि त्याचा दाखला ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). बरेच जण एकदा नोंदणी करतात, मंडळाची सामानाची पेटी घेतात आणि नूतनीकरण विसरतात. कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून वारसाला 5 लाख मिळतात, पण नोंदणी त्या दिवशी जिवंत हवी. मी तीन घरी गेलो जिथे हेल्मेट खुंटीला होतं आणि कार्डाची मुदत आधीच संपलेली होती. त्या घरच्या बाईला हे तोंडाने सांगणं फार अवघड असतं.

काळ्या मातीवर विसंबणं

यावर जरा थांबून लिहितो, कारण विदर्भातली बांधकामाची जीवघेणी चूक माझ्या मते हीच आहे.

उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी कडक होते. नालीची भिंत इतकी सरळ आणि गुळगुळीत निघते, की माणसाला वाटतं ही काय पडते. पण तीच माती भेगांनी फाटलेली असते. हात घालावा तर कोपरापर्यंत जातो. मिरगाचा एक पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली उतरतं, माती फुगते, आणि खालच्या मुरुमावरून वरचा थर सपकन सुटतो. आवाज होत नाही. विहिरी खचतात त्याही अशाच, काळी माती आणि मुरूम जिथे भेटतात त्या थरापासून.

दीड मीटर, म्हणजे पाच फूट, या आकड्यापासून पुढे भिंतीला आधार हवाच. खोदकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानक आहे, आयएस 3764, त्यात हे लिहिलंय. आमच्याकडे दोन गोष्टी सहज होतात: एकतर बाजू तिरप्या कापायच्या, नाहीतर बल्ल्या आणि फळ्या लावून आडवे टेकू द्यायचे. उकरलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्यावर, यातलं जे जास्त असेल तितकी दूर टाकायची. जेसीबी काठाजवळ उभा ठेवायचा नाही, त्याच्या हादऱ्यानेच भिंत सुटते. चढायला शिडी हवी, तीही माणसाच्या जवळ, नालीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. आणि पाऊस पडून गेला, तर दुसऱ्या दिवशी कोणी उतरण्याआधी वरून चालत जाऊन काठाला समांतर भेग पडली का ते बघायचं. अशी भेग दिसली की त्या दिवशी तिथे उतरायचं नाही. त्या दिवसाचा रोज बुडेल. ठेकेदाराने तो द्यावा, पाचशे रुपयांचा प्रश्न आहे.

खचलंच तर? लोक धावत जाऊन आत उड्या मारतात. मन तसंच सांगतं, पण दुसरी बाजूही खचते आणि दोनाचे चार होतात. आधी वरचा ढीग काठापासून मागे ओढा, बाजूला फळ्या किंवा दरवाजे लावा, मग उतरा. अंगावरची माती हाताने आणि टोपल्याने काढा, छातीपासून सुरुवात करा. गाडलेल्या माणसाजवळ जेसीबीचा बकेट घालू नका. दोरी बांधून ओढूही नका.

तार आणि सळाख

लोह्याची सळाख 12 मीटर लांब येते, सुमारे 40 फूट. स्लॅबवर ती उभी करताना माणसाचं लक्ष खाली असतं आणि टोक वर 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या तारेत जातं. इमारत आणि 11 केव्ही तार यांत आडवं 1.2 मीटर आणि उभं 3.7 मीटर अंतर लागतं, पण हा नियम तयार इमारतीसाठी आहे. सळाख हाताळताना ते अंतरही पुरत नाही. काम सुरू होण्याआधी महावितरणला लेखी द्या, तार हलवायला किंवा त्या दिवसापुरती बंद ठेवायला सांगा. तोंडी सांगितलेलं लाइनमनच्या लक्षात राहीलच असं नाही.

मालावर माणसं बसवून नेणं

ऑगस्ट 2021 मध्ये सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा सळया भरलेला टिप्पर उलटला. वर मजूर बसले होते, 13 जण गेले. साइटवर जाण्याचा रस्ता हाही कामाचाच भाग आहे. मजुरांसाठी वेगळी गाडी मागा.

दवाखान्यात "घरी पडला" सांगणं

अपघातानंतरच्या चुकांपैकी सर्वांत महाग पडणारी ही. जखमी माणसाला उचलून नेतात, सोबत ठेकेदाराचा माणूस असतो, आणि केसपेपरवर तोच सांगतो, "घराचं छत दुरुस्त करताना पडला." नातेवाईक घाबरलेले, कोणी बोलत नाही. पुढे दोन वर्षं वकील त्याच एका ओळीशी झगडतो.

डॉक्टरांना स्वतः सांगा: कामावर पडला, अमुक ठिकाणी, अमुक ठेकेदाराच्या कामावर. मेडिको-लीगल नोंद, म्हणजे दवाखान्याकडून पोलिसांना कळवण्याची नोंद, झाली का ते विचारा. मृत्यू झाला तर पोलिस मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) दाखल करतात. पंचनाम्यात खोली किंवा उंची आकड्यात लिहून घ्या, आधार होता की नव्हता हे लिहून घ्या. टेप आणायला सांगा, नसेल तर दोरीने मापा. मालक किंवा ठेकेदार असाल, तर साइट जशी आहे तशी राहू द्या. रात्रीतून नाली बुजवली तर संशय तुमच्यावरच वाढतो. मृत्यूची खबर खात्याला कळवायची आहे. केंद्राच्या 1998 च्या नियमांत त्यासाठी चार तास दिलेले होते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू शकतं, पण पोलिसांत गुन्हा नोंदला म्हणजे कामगार खात्याला आपोआप कळतं असं नाही. दोन्हीकडे वेगवेगळं द्यावं लागतं.

आपसात मिटवणं

तेराव्याच्या आधीच बैठक बसते. नालीत गेलेल्या त्या माणसाच्या घरीही बसली होती. टिनाच्या शेडखाली सतरंजी, पाचशेचा स्टॅम्प पेपर घडी करून, आणि गावातलेच एक मोठे माणूस म्हणाले, "आता माणूस तं गेला, सूनबाई. कोर्टकचेरीत काय ठेवलं? दोन लाख घ्या अन् लेकरायचं पाहा."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मृत्यूच्या भरपाईची रक्कम मालकाने परस्पर वारसांच्या हातात द्यायची नसते. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात कलम 8 होतं: रक्कम आयुक्तांकडेच (भरपाईचे दावे ऐकणारे अधिकारी) जमा करायची, बाहेर दिलेली भरपाई ही भरपाईच धरली जात नाही. म्हणजे असा स्टॅम्प पेपर बाईलाही वाचवत नाही आणि ठेकेदारालाही. आगाऊ म्हणून थोडी रक्कम देता येते, तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंत. हीच व्यवस्था आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे.

मी हिशेब तिथेच वहीवर मांडून दाखवला. रोज 500, महिन्याचे 26 दिवस, 13,000. त्याचा निम्मा 6,500. वय 35 साठी तक्त्यातला गुणक 197.06. गुणाकार 12,80,890 रुपये. मजुरी जास्त असली, तरी 2020 पासून महिन्याला 15,000 पर्यंतच धरली जाते. एका महिन्यात भरलं नाही तर वर 12 टक्के व्याज. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. आणि काम ग्रामपंचायतीचं किंवा खात्याचं असेल, तर ठेकेदार पळून गेला तरी मूळ काम देणाऱ्याला जबाबदार धरता येतं.

"योग्य ती कारवाई व्हावी" असा अर्ज

असे अर्ज मी ढिगाने पाहिले आहेत, त्यांवर काहीच होऊ शकत नाही. अधिकाऱ्याला तिथे यायचं कारण द्या. कामाचं नाव आणि ठेकेदाराचं नाव साइटवरच्या फलकावरून जसंच्या तसं उतरवा. गाव, वॉर्ड किंवा गट नंबर. किती माणसं, कोणत्या तारखेला. खोली किती फूट, आधार आहे का. तारीख दिसणारे दोन फोटो. अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्या, सुरक्षेपुरता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या, आणि प्रत कार्यकारी अभियंत्याला किंवा गटविकास अधिकाऱ्याला. ही शेवटची प्रत फार कामाची असते, कारण बिल त्यांच्या हातात असतं. कलमांच्या नंबरात अडकू नका. कायदा बदलाच्या या दिवसांत नंबर चुकू शकतो, मोजमाप चुकायला नको.

वेळ घालवू नका. जुन्या कायद्यात गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांत कोर्टात तक्रार जायला हवी होती, आणि सुरक्षेचे नियम मोडल्याची शिक्षा होती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजारांना कोण घाबरणार? नव्या संहितेत कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड, किंवा दोन्ही. आणि दंडाचा किमान अर्धा भाग वारसांना द्यावा, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. हे ठेकेदारांनीही नीट वाचावं. दहा बल्ल्या आणि वीस फळ्या भाड्याने आणायला किती लागतात, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या नालीच्या दाव्यात ठेकेदाराचं म्हणणं तेच होतं, हा आमचा माणूसच नव्हता. हजेरीची वही सापडली नाही. गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये मात्र त्याच सकाळी काढलेला एक फोटो होता, लेकीला जेसीबी दाखवायला पाठवलेला. मागे मशीनचा नंबर स्वच्छ वाचता येत होता आणि कडेला तो स्वतः, हातात फावडं. रक्कम आयुक्तांकडे जमा झाली. लेकरांचा हिस्सा त्यांनी बँकेत मुदत ठेवीत टाकला, ती अठरा वर्षांची होईपर्यंत.