वळवात घरी निघताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी मे महिन्यात कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला कारखान्याची शिफ्ट सुटली आणि त्याच मिनिटाला वारं सुटलं. जोतिबाच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालं होतं. गेटवरचे मामा म्हणाले, "सायेब, च्या घ्या, अर्ध्या तासात उघडतंय." मी ऐकलं नाही. त्यानंतर दोन तासांत मी जे जे केलं, तेच आधी सांगतो.

पहिली चूक अर्थात निघण्याचीच. वळीव जून-जुलैच्या झडीसारखा दिवसभर मुक्काम करत नाही. दिवसभर तापलेल्या जमिनीवरचं गरम, दमट वारं वर चढतं, ढग उभा वाढतो आणि कोसळून मोकळा होतो. बहुतेकदा खेळ तासाभरात आटोपतो. पण आपण सगळे एकाच वेळी गेटबाहेर पडतो, म्हणजे बरोबर त्या तासातच महामार्गावर असतो.

उजळाईवाडीच्या पुढं काचेतून काही दिसेना. मी घाईनं एसी बंद केला, कारण बाहेर गार पडलं होतं. उलटंच झालं. बाहेरच्या पावसानं काच गार होते आणि आतली दमट हवा तिच्यावर बसते. एसी चालू ठेवायचा, हवा काचेवर सोडायची आणि बाहेरची हवा आत घ्यायचं बटण दाबायचं, की धुकं निघतं. रुमालानं पुसत बसलात तर एक हात आणि दोन्ही डोळे त्यातच जातात.

चारी इंडिकेटर लावून चालवणं ही आपल्याकडची लाडकी खोड. मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय, काहीच कळत नाही. हेडलाइट लावा, पण अप्पर नको. पावसाच्या धारांवरून तो उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो. चारी इंडिकेटर लावायचे ते गाडी कडेला उभी केल्यावर.

पहिली दहा-पंधरा मिनिटं रस्ता सर्वांत वाईट असतो. महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून साबण होतो. दुचाकीवाल्यांनी पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक मारू नये आणि एकटा पुढचा ब्रेक तर नकोच.

गारा सुरू झाल्या की लोक झाड शोधतात. गुलमोहराची फांदी वाऱ्यात काडीसारखी मोडते आणि वीज उंच झाडावर पडण्याची शक्यता जास्त. दुचाकी असेल तर पक्क्या इमारतीत जा. पुलाखाली थांबायचंच तर लेन सोडून, पार कडेला. कारमध्ये असाल तर आतच बसा, काचा बंद. 'टायर रबरी म्हणून वीज लागत नाही' हे खोटं. वाचवते ती गाडीची धातूची बॉडी, म्हणून तिला आतून हात लावायचा नाही. थांबताना जमलं तर गाडीचं तोंड गारांच्या दिशेला करा. पुढची काच दोन थरांची असते, तडकली तरी फुटून अंगावर येत नाही. बाजूच्या काचांचा मात्र चुरा होतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देतं, ते घेऊन ठेवा.

तार तुटून गाडीवर पडली तर बाहेर उतरायचं नाही. आतूनच १९१२ वर महावितरणला कळवा, जीवावर बेतलं तर ११२.

आता माझं मुख्य शहाणपण. परीख पुलाखाली पाणी साचतं हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत आहे. तरी पुढची रिक्षा गेली म्हणून मी घातली. मध्यावर गाडी बंद पडली आणि मी चावी फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा 'टक्‌' असा आवाज आला. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मिस्त्रीनं नंतर वाकडा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, माझ्या हातात ठेवला आणि फक्त हसला. पाण्यात गाडी बंद पडली की स्टार्टर अजिबात मारू नका. ढकलून बाहेर काढा, फिल्टर उघडून ओला आहे का पाहा, मग पुढचं मिस्त्रीवर सोडा. चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी दिसलं की मागं फिरा. वाहतं असेल तर फूटभर पाणीही लहान कार उचलतं.

विम्याचंही ऐका. गारांनी पडलेले पोचे, पडलेलं झाड हे सर्वसमावेशक पॉलिसीत येतं. पाण्यानं गेलेल्या इंजिनासाठी बहुधा वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. माझं नव्हतं. फांदी हलवायच्या आधी फोटो काढा, आणि बॉनेटवरच्या गारांचाही, त्या वितळायच्या आत.